आधी पंखा, मग पट्टा, मोटर सगळ्यात शेवटी

रिमोटवर चालणारी मॉडेल पाणबुडी बनवतोय म्हटल्यावर जो तो एकच विचारतो, मोटर कुठली घालणार? आणि आमच्या डिचोलीत तर उत्तरही विचारणाऱ्याकडेच तयार असतं, वायपरची घाल रे! गोव्यात वायपरची मोटर म्हणजे रामबाण उपाय. चवथीच्या देखाव्यात उंदीरमामा मान हलवतो तो तिच्यावर, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावरचे नरकासुर हात वरखाली करतात ते तिच्यावर, गाडीच्या भंगारात स्वस्तात मिळते, बारा व्होल्टवर चालते, अजून काय पाहिजे?

पाहिजे बरंच काही. वायपरच्या मोटरला पुढे वर्म गियर, म्हणजे वेग एकदम उतरवणारा स्क्रूसारखा गियर असतो आणि बाहेरचा दांडा मिनिटाला पन्नास-साठ फेरे मारतो, नरकासुराच्या हाताला ते बरोबर आहे पण पाण्यातल्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, त्यात काहीच होत नाही, पाणी ढवळलं जातं आणि बोट तिथेच. हां, आतला आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, मात्र अडीच-तीन हजारच्या आसपास फिरतो आणि बऱ्यापैकी दमदार असतो, काही लोक पुढचा गियरबॉक्स कापून तो आर्मेचर सरळ वापरतात. आयडिया वाईट नाही, पण पुढचं बेअरिंग परत बसवा, वर्मचे आटे कापलेल्या दांड्यावर कपलिंग बसवा, एवढी मारामारी करण्यापेक्षा दुसरी मोटर घेतलेली बरी असं माझं मत.

पण मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की मोटरपासून सुरुवातच करायची नाही. मी बार्ज रिपेअरच्या वर्कशॉपात काम करतो, तिथे कोणी इंजिन बघून पंखा ठरवत नाही, बोट किती मोठी, किती वजन, किती वेग, त्यावर पंखा, पंख्यावर गियरबॉक्सचा रेशो आणि मग त्याला साजेसं इंजिन. आमचे जुने हेड मेकॅनिक म्हणायचे, "पंखो व्हड जाय रे, सवकास घुंवपी." म्हणजे पंखा मोठा पाहिजे, सावकाश फिरणारा. हॉबीत मात्र सगळे उलटे जातात, आधी ऑनलाइन मोटर घेतात, मग तिला मावेल तो पंखा, आणि मग बॅटरी वीस मिनिटांत का संपते म्हणून डोकं खाजवतात.

तर माझी बोट. आयएनएस खांदेरी, कलवरी वर्गातली दुसरी पाणबुडी, २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत नौदलात दाखल झाली. नाव महाराजांच्या खांदेरी किल्ल्यावरून, त्यामुळे दुसरी कुठली करायची हा प्रश्नच आला नाही. खरी बोट ६७.५ मीटर लांब, ६.२ मीटर रुंद. मी स्केल घेतलं १:४०, म्हणजे मॉडेल साधारण १ मीटर ६९ सेंटिमीटर आणि रुंदी १५५ मिलिमीटर. आता चाळीसच का, तर खरं कारण पाईप. आतला वॉटरटाइट सिलिंडर शेतीच्या पीव्हीसी पाईपचा करायचा होता. ११० मिलिमीटरचा पाईप सगळीकडे मिळतो पण त्यात यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपियरची बॅटरी जात नाही, तिचा छेद ६५ बाय ९४, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ११४ मिलिमीटर, आणि पाईपचं आतलं माप जेमतेम १०४. १४० चा पाईप घेतला तर आत १३२ च्या आसपास मिळतं, बॅटरी आरामात बसते, आणि १४० चा पाईप ज्या फायबरच्या सांगाड्यात बसेल तो सांगाडा १५५ चा. झालं स्केल फायनल. पुस्तकी लोक नाकं मुरडतील, मुरडू देत.

कलवरी वर्गाचं वजन पाण्याखाली पावणेअठराशे टनांच्या घरात. चाळीसचा घन ६४ हजार, भागाकार केला की २७-२८ किलो. त्यात सांगाड्यात शिरणारं पाणीही आलं, कोरडी बोट उचलायची तर सतरा किलो. दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक माझा भाचा, जो प्रत्येक वेळी आधी वेळ विचारतो.

वेग. खरी बोट पाण्याखाली २० नॉट जाते असं सांगतात. मॉडेलला २० भागिले ४० करायचं नाही, तसं केलं तर ती गोगलगायीसारखी सरकेल आणि लाटही खोटी दिसेल. स्केलचं वर्गमूळ घ्यायचं, चाळीसचं वर्गमूळ ६.३, म्हणजे ३.२ नॉट, सेकंदाला १.६ मीटर. झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग. हा नियम पृष्ठभागावरच्या लाटांसाठी आहे, पूर्ण बुडालेल्या बोटीला लाटांचा संबंध उरत नाही, पण डोळ्याला हाच वेग बरोबर वाटतो म्हणून मी तोच धरला.

आता या वेगाला किती ताकद लागते, इथे बहुतेकांना धक्का बसतो. बोटीचं पाण्याला लागणारं अंग, पाठीवरचा कॉनिंग टॉवर आणि शेपटीचे फिन (पंखासारखे पडदे) धरून, ०.८ चौरस मीटर. घर्षणाचा गुणांक त्या लांबीला आणि वेगाला ०.००३७ च्या आसपास येतो, आकाराचा, फिनचा, पाणी आत-बाहेर करायला ठेवलेल्या भोकांचा विरोध धरून मी तो सरळ दुप्पट केला. गुणाकार करून विरोध येतो ७-८ न्यूटन, म्हणजे पाऊण किलोची ओढ. गुणिले १.६ केलं की १२ वॉट. बारा! घरातल्या एलईडी बल्बएवढे. मग पंखा निम्मी ताकद खाणार, मोटर आणि दांड्याला जोडणारा पट्टा आणि दांडा बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारं सील थोडी, मोटर थोडी, असं करत करत बॅटरीतून ४८-५० वॉट, १२ व्होल्टला ४ अँपियर. पावणेदोन मीटरची बोट आणि चार अँपियर. ज्यांनी हजार वॉटच्या मोटरी सुचवल्या त्यांना हा कागद मी दाखवला, विश्वास कोणाचा बसला नाही.

मात्र वेग दुप्पट केला तर विरोध चौपट आणि ताकद आठपट. म्हणजे तीच बोट ३.२ मीटर प्रति सेकंद पळवायची तर चारशे वॉट. भाचा दर वेळी म्हणतो "मामा, जरा फास्ट कर ना", त्याला हे आठपटीचं गणित सांगितलं की गप्प बसतो, पण पुढच्या वेळी परत विचारतोच.

पंख्याकडे येऊ. खऱ्या पाणबुडीचा पंखा नीट बघायला मिळत नाही, जलावतरणाच्या फोटोत तो झाकलेला असतो, कारण पात्यांच्या आकारावरूनच आवाजाचा अंदाज येतो. त्यामुळे आपण अंदाजपंचे. मी ८५ मिलिमीटर व्यासाचा सात पात्यांचा धरला. पाती सात का, तर मागे फिन चार आहेत आणि फिनच्या मागचं पाणी हळू वाहतं, पाती चार किंवा आठ असली तर सगळी एकाच वेळी त्या हळू पाण्यात शिरतात आणि प्रत्येक वेळी दांड्याला धक्का, सात असली की एकेक करून शिरतात, धक्का विभागला जातो.

व्यास मोठा का घ्यायचा हेही सांगतो, कारण सगळं गियरिंग इथून निघतं. बोट पुढे ढकलायची तर पाणी मागे ढकलायचं. थोडं पाणी जोरात फेका किंवा भरपूर पाणी हळू सारा, ढकल तीच मिळते, पण जोरात फेकलेल्या पाण्यात जास्त ऊर्जा वाहून जाते आणि ती आपल्या काही कामाची नसते. म्हणून मोठा पंखा, हळू.

पंखा बनवला डिचोलीतच. आमच्याकडे समया घडवणारे कांसार आहेत, पितळ त्यांच्या हातातलं. बॉस, म्हणजे पंख्याचा मधला गोळा, लेथवर काढून घेतला, त्यात सात तिरक्या खाचा, आणि पाती एक मिलिमीटर पितळी पत्र्यातून कापली. पिच, म्हणजे घसरला नाही तर पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल ते अंतर, घेतली ७० मिलिमीटर. म्हणजे मधल्या दांड्यापासून सत्तर टक्के अंतरावर, तीस मिलिमीटरच्या जवळ, पात्याचा कोन साडेवीस अंश यायला पाहिजे. त्यासाठी फणसाच्या लाकडाचा साचा केला, साडेवीस अंशाचा उतार कापून, प्रत्येक पातं त्याच्यावर टेकवून बघायचं, फट दिसली की परत पिळायचं. कांसाराने चांदीच्या डागाने ती सातही बसवली आणि हातात फिरवून म्हणाला, "भाऊ, हे समईच्या वर ठेवलं तरी शोभेल." मजुरी घेताना मात्र शोभा धरून घेतली.

मग फेरे. एका फेऱ्यात ७० मिलिमीटर, पण पाणी घट्ट नाही, पंखा घसरतो, तीस टक्के घसर धरली तर एका फेऱ्यात ४९ मिलिमीटर. १.६ मीटरला सेकंदाला ३३ फेरे, मिनिटाला दोन हजारांच्या थोडे खाली. म्हणजे दांड्यावर मला १७०० ते २००० आरपीएम पाहिजे, ३० वॉटच्या आसपास. आता कुठे मोटरचं नाव काढायचं.

खऱ्या खांदेरीत हा प्रश्नच नाही. तिथे परमनंट मॅग्नेट मोटर सरळ दांड्यावर आहे, मध्ये गियरबॉक्स नाही, कारण गियर म्हणजे आवाज आणि पाणबुडीत आवाज म्हणजे पत्ता सांगणं. मग आपण का नाही तसं करायचं? कारण मोटरचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, तिच्या आकारमानावर जातो, ढोबळ मानाने व्यासाचा वर्ग गुणिले लांबी. खऱ्या बोटीत मोठ्या व्यासाची मोटर मावते, ती हळू फिरून भरपूर टॉर्क देते. आपल्या छोट्या मोटरीकडे टॉर्क कमी, ती ताकद काढते ती फेऱ्यांवर. म्हणून रिडक्शन, म्हणजे मध्ये फेरे कमी करणारी जोडणी, पाहिजेच.

रिमोटच्या गाड्यांतली ५४० मापाची मोटर पंधरा-वीस हजार फिरते, तिला दहास एक रिडक्शन लागेल, म्हणजे दोन टप्पे, म्हणजे डब्यात खडखडाट. मी घेतली ७७५. ही घेताना एक गोष्ट बघा, ७७५ हे फक्त डब्याचं माप आहे, आतलं वाइंडिंग वेगवेगळं येतं. १२ व्होल्टची असते ती १२ व्होल्टवर दहा-बारा हजार फिरते, २४ व्होल्टची १२ हजारवाली १२ व्होल्टला लावली की निम्मी, सहा हजार. मला दुसरी पाहिजे होती. लेबलवर विश्वास ठेवू नका, चमकपट्टी चिकटवून टॅकोमीटरने मोजा, दुकानदाराला दोन्ही सारख्याच वाटतात.

मॉडेल विमानवाल्यांची सवय इथे सोडायला लागते. त्यांना ग्रॅम ग्रॅम वाचवायचे असतात, आपल्याला उलट बोट बुडवायला वजन पाहिजे, नाहीतर शिसं भरावं लागतं. मग जड मोटर घ्या, निम्म्या व्होल्टेजवर चालवा, थंड राहते, ब्रश टिकतात, आवाज कमी. बॅटरीचंही तेच, दोन लेड अॅसिड बॅटऱ्या पॅरलल लावल्या, साडेचार किलोचं बॅलास्ट, म्हणजे बुडवायचं वजन, फुकट मिळालं. फक्त बंद पाईपमध्ये त्या चार्ज करायच्या नाहीत, हायड्रोजन निघतो, झाकण काढा आणि बॅटऱ्या बाहेर घ्या.

डीसी मोटर रिकामी जितकी फिरते त्याच्या ८०-८५ टक्क्यांवर भाराखाली फिरली तर ती सगळ्यात काटकसरीने चालते. निम्म्यावर आणली तर ताकद सगळ्यात जास्त मिळते पण अर्ध्याहून जास्त वीज उष्णतेत. चोर्ला घाट चौथ्या गियरवर चढवायला गेलं की इंजिन जसं घुसमटतं तसंच ते, फरक इतकाच की मोटर बंद पडत नाही, गुपचूप भाजत राहते. सहा हजारचे ८५ टक्के म्हणजे ५१००, पंख्याला पाहिजे १७००, रेशो तीनास एक. एवढं सरळ.

तीनास एक कशाने करायचं यावर मात्र मी बराच घोळ घातला. प्लॅनेटरी गियरबॉक्स लागलेल्या तयार मोटरी मिळतात, रोबोटवाले वापरतात, दांडा मध्यात येतो त्यामुळे बसवायला सोप्या. पण त्यांचा किरकिराट पाईपमध्ये घुमतो, पीव्हीसी पाईप म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद केलेला ढोलच. साधे दोन गियर घातले तर अंतर अगदी नेमकं ठेवायला लागतं, जरा सैल झाले की वाजतात, जरा घट्ट की गरम. शेवटी थ्रीडी प्रिंटरवाल्यांचा जीटी२ टायमिंग बेल्ट घेतला, ६ मिलिमीटर रुंद, छोटी पुली २० दातांची, मोठी ६०. आवाज जवळपास नाही. आणि एक फायदा जो आधी माझ्या लक्षात आला नव्हता, पंख्याची ढकल मोटरपर्यंत पोचतच नाही. दांडा वेगळा, त्याला स्वतःची दोन बेअरिंग आणि ढकल झेलणारं एक थ्रस्ट बेअरिंग, मोटर बाजूला निवांत. मोटर गेली तर चार स्क्रू काढून बदला, सील हलवायची गरज नाही.

पट्ट्याची लांबी आधी कागदावर काढा. जीटी२ च्या दाताचं अंतर २ मिलिमीटर, म्हणजे २० दातांच्या पुलीचा घेर ४० आणि ६० वाल्या पुलीचा १२०. २०० मिलिमीटरचा पट्टा सगळ्यात सहज मिळतो, पण त्यात दोन केंद्रांतलं अंतर येतं ५८.६. पंख्याचा दांडा पाईपच्या मध्यावर, तिथून ५८.६ वर मोटरचं केंद्र, तिची स्वतःची त्रिज्या २१, बेरीज झाली ८० च्या घरात आणि पाईपची आतली त्रिज्या ६६. मोटर भिंतीच्या बाहेर! १५८ चा पट्टा घेतला की केंद्रांतलं अंतर ३६.८, अधिक २१, ५७.८. मावली, वर आठ मिलिमीटर मोकळे. छोट्या पुलीवर सात दात पकडीत राहतात, सहापेक्षा कमी नकोत. मोटर दांड्याच्या बरोबर खाली लावली, म्हणजे तिचं वजनही तळाला. प्लेटला लांबट भोकं ठेवा, पट्टा ताणायला. फॉरवर्डवरून एकदम रिव्हर्स दिला आणि पट्टा सैल असेल तर दात उडी मारतात, त्याचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.

हळू मोठ्या पंख्याला एक किंमत आहे ती कोणी सांगत नाही. तीच ताकद कमी फेऱ्यांत द्यायची म्हणजे टॉर्क जास्त, आणि पंखा एका बाजूला फिरला की बोट दुसऱ्या बाजूला कलंडते. माझ्या दांड्यावर पूर्ण थ्रॉटलला ०.१७ न्यूटन मीटर येतो. बोट गोल, तिला सरळ ठेवणारं काय तर खालचं वजन. वजनाचं केंद्र तरंगण्याच्या केंद्राखाली १५ मिलिमीटर आहे असं धरलं तर १७ किलोच्या बोटीला चार अंशांच्या आसपास कल येतो. चालतो. पण तेच अंतर ५ मिलिमीटर असतं तर बारा अंश, आणि मग मागचे फिनही तिरके, वळायला जाल तर बोट खाली बघणार. म्हणून बॅटऱ्या अगदी तळाला, आणि ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये, थ्रॉटल हळू चढण्याची सेटिंग.

ब्रशलेस, म्हणजे आत कार्बनचे ब्रश नसलेली मोटर का नाही, हे विचारणारे येतातच. घालू शकता. पण साधा सेन्सर नसलेला ब्रशलेस अगदी हळू फिरवायला गेलं की अडखळतो, आणि पाणबुडी बहुतेक वेळ तशीच चालते, पेरिस्कोप वर काढून, सरपटत. सेन्सरवाली मोटर आणि तिला साजेसा कंट्रोलर घेतला तर प्रश्न सुटतो, खिसाही रिकामा होतो. ब्रशवाल्या मोटरला मात्र ठिणगी असते आणि ती रेडिओत घुसते, म्हणून प्रत्येक टर्मिनलवरून मोटरच्या डब्याला अंगावर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर आणि एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये. हे टाळू नका, कारण पाण्याखाली आधीच सिग्नल दुबळा असतो. हल्लीचा २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट पाण्यात काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, जुने २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवाले जातात, तेही गोड्या पाण्यात. मांडवीत, झुआरीत भरतीचं खारं पाणी आत येतं, तिथे बोट बुडवली तर वर येईल ती बॅटरी संपल्यावर किंवा देवाच्या मनात आल्यावर. म्हणून मयेचा तलाव, तोही सकाळी, बोटिंगवाले यायच्या आधी, आणि पाऊस संपून पाणी निवळल्यावरच.

तलावावर जाण्याआधी घरामागच्या सिमेंटच्या टाकीत बांधून चालवली. मासळी तोलायचा डिजिटल काटा मागच्या टोकाला दोरीने लावला, पूर्ण थ्रॉटलला सव्वा किलोच्या आसपास ओढ, करंट साडेपाच अँपियर. बांधलेल्या बोटीला करंट जास्तच येणार, पाणी पुढून येत नाही ना, म्हणून ह्याच आकड्यावर फ्यूज ठरवा, मी १० अँपियरचा घातला. अर्धा तास चालवून मोटरला हात लावला, कोमट. मोटर ज्या प्लेटवर आहे ती अॅल्युमिनियमची आणि तीच पाईपचं मागचं झाकण, बाहेरून पाणी लागतं, उष्णता तिकडून जाते. प्लास्टिकच्या झाकणावर मोटर लावणाऱ्यांनी एवढा एक बदल नक्की करावा.

मयेला चार अँपियरच्या थोडी खालीच चालते, वेग किनाऱ्याने भाच्याला चालायला लावून बघितला, तो झपाझप चालला की बरोबर राहते. एकच गोष्ट खटकते, अगदी कमी थ्रॉटलला ईएससीची बारीक शिट्टी ऐकू येते, तो पट्ट्याचा दोष नाही, ईएससी कमी फ्रिक्वेन्सीवर मोटरला वीज तोडून तोडून देतो त्याची आहे. जास्त फ्रिक्वेन्सीचा दुसरा मागवलाय. आणि तुम्ही १५८ चा पट्टा घ्याल तेव्हा दोन घ्या, इथल्या दुकानात मिळत नाही, बाहेरून यायला आठवडा जातो.